पगाराचा गुणाकार

माझी मुलगी इंग्लंडात नर्स आहे. तिचा पौंडातला पगार मी शंभराने गुणून लोकांना सांगायचो. त्याच गुणाकाराच्या जोरावर आमच्या बोरी गावातल्या द्राक्षबागेवरचा हक्क मी मुलासाठी तिच्याकडून लेखी सोडवून घेतला. ‘तुला काय कमी आहे?’ म्हणालो. ती घरभाड्याचं काहीतरी सांगू लागली, पण मला ते ढोंग वाटलं. सही तिने केली. पोरगी पैसा दडवते, असं मात्र मी भावकीत बोलत राहिलो.

नंतर तिच्याकडे राहायला गेलो, तोही पाळत ठेवायच्या बेतानेच. दोन खोल्यांचं घर. कडाक्याची थंडी, तरी हीटर ती जेमतेम लावायची. माझे केस वाढले तेव्हा स्वयंपाकघरात खुर्ची मांडून तिनेच कापले. हे सगळं मला दाखवण्यापुरतं चाललंय, अशी माझी खात्री झाली. ती कामावर गेल्यावर मी एकटाच कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत गेलो आणि काचेवरचा दर वाचला. तेवढ्या पैशात आमच्या आळेफाट्यावर माझी वर्षभराची कटिंग झाली असती. शेजारच्या दुकानात आपल्या भागातून येतात तसली काळी द्राक्षं होती. तीही गावापेक्षा महाग, पण सलूनच्या दरासारखी कित्येक पटींनी नाहीत. यात काहीतरी बनवाबनवी आहे असं वाटून संध्याकाळी मी तिला आडून आडून विचारलं.

ती दमून आली होती. “द्राक्षं बोटीनं येतात, अण्णा. न्हावी कुठून मागवणार? इथं सगळ्यांचेच पगार मोठे, मग तोही तेवढेच मागतो. त्यालाही इथलंच भाडं भरायचंय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही माझा पगार तेवढा गुणलात. भाडं कधी गुणलं नाही.”

त्या रात्री मी तिचं भाडंही शंभराने गुणून पाहिलं.

परत आल्यावर मुलाला सांगितलं, माझ्या हिश्श्यातली बाग मी तिच्या नावे करतोय. भावकीतही सांगितलं, की पोरीने काही दडवलेलं नव्हतं, मीच खोटं बोलत होतो. मुलगा हसला.

“लई पाहुणचार झालेला दिसतोय तिकडं. खरं सांगा अण्णा, किती देती ती तुमाला?”

काहीच देत नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, आणि कसा बसावा? तिच्याबद्दल इतकी वर्षं त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. सोमवारी कागद करायला जुन्नरला जायचं आहे. तो सोबत येणार का, ते त्याने सांगितलेलं नाही. आला नाही तर एसटीने जाईन.