अत्तारसाहेबांचा शाफ्ट

टर्बाइन बंद झालं की अत्तारसाहेब आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत. त्याचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता कणा, निवेपर्यंत कुणी वेळ विचारायची नाही, हा त्यांचा नियम. हातकणंगल्याजवळच्या आमच्या साखर कारखान्यात ते पॉवर हाउसचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. तोंडानं फटकळ, पण माझा त्यांच्यावर जीव होता. आता निवृत्त होऊन ते राधानगरीला असतात.

तापलेला शाफ्ट एका जागी थांबला की वाकतो, म्हणून तो सावकाश फिरवत ठेवायचा. त्याच्याभोवती वाफ अडवणाऱ्या दातेरी कड्या असतात. वाकलेला शाफ्ट पळवला तर त्या खरवडून निघतात. "तव्यावरची भाकरी आन् गरम शाफ्ट, दोन्हीकडं पाठ करायची न्हाय," साहेब म्हणत.

ऐन हंगामात एका दुपारी टर्बाइन बंद पडलं. बाहेरची वीजही गेलेली, त्यामुळं शाफ्ट फिरवणारी मोटर मुकी. बेअरिंगला तेल देणारा पंप बॅटरीवर चालला, एवढंच नशीब. यार्डात उसाच्या ट्रॉल्या खोळंबलेल्या. शाफ्ट गेला असता तर हंगामच गेला असता. साहेबांनी लांब दांडा लावला आणि आम्ही आळीपाळीनं शाफ्ट फिरवू लागलो. माणसं घामाघूम झाली. तेवढ्यात चेअरमनसोबत कारखाना बघायला आलेले त्यांचे व्याही दारात दिसले, कडक इस्त्रीत.

"पावणं, बघत काय हुबं ऱ्हायलाय? लावा की हात!"

चेअरमन दचकले. "अहो अत्तार, व्याही हायेत माझे!"

"मग घरचंच की!"

व्याह्यांनी मुकाट्यानं बाह्या वर सारल्या. चहाही त्यांना दांड्यापाशीच मिळाला.

संध्याकाळी शाफ्ट निवला, वीज आली. टर्बाइनमध्ये वाफ सोडल्यावर, आत काही घासतंय का ते ऐकायला साहेबांनी सळईचं एक टोक त्याच्या कव्हरला टेकवलं, दुसरं कानाला लावलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

साहेबांनी सळई खाली ठेवली, फरशीवर बसले आणि ढसाढसा रडू लागले.

व्याही कळवळले. "साहेब, गेला तर जाऊ द्या. नवा आणू की!"

"आवो, गेला न्हाय! कुठंच घासत न्हाय!" साहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "वाचवला की तुम्ही!"

व्याह्यांनी तळहातांवरचे फोड निरखून बघितले आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसले.