कॉलेज पाहायला गेलो आणि लिलावात उभा राहिलो

बारावीत मार्क बरे पडले आणि मी इंजिनियर होणार, हे मला सोडून अख्ख्या आलापल्लीनं ठरवून टाकलं. गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. चंद्रपूरजवळ एक नवं खासगी इंजिनियरिंग कॉलेज निघालं होतं. बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत लिलाव पुकारायचे. त्यांनी रजा टाकली. मला इंजिनियर व्हायचंय की नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं, आणि बाबांपुढे तसं म्हणायची छाती नव्हती.

आजचा रस्ता पाहून तेव्हाची कल्पना करू नका. आष्टी, गोंडपिपरी करत एसटी चंद्रपूरला पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा. मागच्या चाकावरची सीट घेऊ नये, हे मी आष्टीच्या आतच शिकलो. गोंडपिपरीला गाडी थांबते तिथं आलूबोंडा-रस्सा जरूर खा. तेव्हा दोन-अडीच रुपयांत आम्हा दोघांचं भागलं होतं.

कॉलेज भाताच्या बंद गिरणीत होतं. वर्कशॉपमधलं एकमेव मशीन अजून खोक्यात होतं आणि खोक्यावर शेळी बसली होती. बाबांनी सवयीनं दाराची चौकट ठोकून पाहिली. "पोकळ हाय," ते पुटपुटले.

आत संस्थाचालक टेबलामागे बसले होते. समोर आम्हाला धरून तीन बाप, तीन पोरं.

"सीटा दोनच उरल्या," ते म्हणाले. "डोनेशन कोण किती देऊन राह्यलं, बोला."

एका ठेकेदारानं आकडा सांगितला. दुसऱ्या बापानं वाढवला. आणि बाबांचा हात आपोआप वर गेला. "एक बार! दोन बार..." मग तेच दचकून थांबले. "नाई, असं नाई चालत. माल दाखवल्याबिगर बोली लागत नाई. दोष बी वाचून दाखवा लागते."

डेपोत त्यांचा हा शिरस्ताच होता. ओंडका वाकडा, फुटका, किडका असेल तर बोलीआधी मोठ्यानं सांगायचं. त्यांनी मला दंडाला धरून टेबलावर चढवलं. संस्थाचालकांनी घाईघाईनं शाईची दौत उचलली.

"वय सतरा. अंगानं सरळ," बाबांनी डेपोतला आवाज लावला. "दोष आयका. सायकलची चैन उतरली त मले बोलावते. गणिताच्या वहीत झाडाचे पानं चिकटवते. अन मोठा दोष, याले इंजिनेर होयाचं हाय का नाई, हे यानं मले आजपर्यंत सांगतलं नाई. सांग आता."

मला वाटत होतं, त्यांना काहीच ठाऊक नाही.

"मले माहीत नाई, बाबा."

"हात्तिच्या!" संस्थाचालक म्हणाले. "माहीत नसलं तरी चालते. इथी कोणालेच माहीत नाई."

"मंग घाई काऊन? ओल्या लाकडाले आमी करवत लावत नाई," बाबा म्हणाले. "उतर खाली."

मी उतरलो, तर ठेकेदाराच्या पोरानं हात वर केला. "काका, मले बी चढू द्या ना." त्याच्यामागे तिसराही येऊन उभा राहिला. ठेकेदार खुर्चीतून उठला, पण पोरगा तोवर टेबलावर होता. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आतून तो म्हणत होता, "मले किराणा दुकान टाकाचं हाय!"

तसेच चंद्रपुरातल्या सायन्स कॉलेजात गेलो. फी बाबांच्या पगारात बसणारी होती. वनस्पतीशास्त्राचा फॉर्म मी स्वतः भरला. बाबा दूर बाकावर बसून राहिले, एकदाही डोकावले नाहीत. पुढं त्याच विषयानं माझं पोट भरलं. तुम्ही पोरासाठी कॉलेज पाहायला निघत असाल, तर आधी घरीच बोलून घ्या. टेबल लागत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. आई दारातच उभी होती.

"काय ठरलं वो?" तिनं बाबांना विचारलं.

बाबांनी चपला काढल्या. "त्याले इचार," ते म्हणाले. "आता बोलते तो."