मेहुण्याच्या पन्हळीच्या मापाची चटई

लग्न ठरल्यावर माझ्या मुलीने एकच हट्ट धरला. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी जी माहेरची असते, ती ऱ्हाईन नदीच्या सोन्याची हवी. ते ऐकून मी मनोमन सुखावलो, कारण ती नदी तिला दाखवली होती मी. ती दहा वर्षांची असल्यापासून आम्ही बापलेक रविवारी त्सुफेनहाउझेन या आमच्या उपनगरातून निघायचो आणि काठावरची वाळू ताटलीत धुवायचो. ऱ्हाईनचं सोनं म्हणजे कोंड्याएवढ्या पातळ चकत्या. श्वास जोरात सोडला तरी उडतील अशा. बारा वर्षांत माझ्या काचेच्या कुपीचा जेमतेम तळ झाकला गेला होता. त्यातून वाटी होणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. उरलेलं सोनं मिळवायला ती मलाच हाक मारेल, असं मात्र मी धरून चाललो होतो.

तिने ड्रेस्डेनला मामाला फोन लावला.

माझा मेहुणा तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. चाळिशीचा, हाताचा कसबी, बोलायला गोड. मी स्वयंपाकघरात होतो आणि मला तिचं वाक्य ऐकू आलं : "मामा, तू मशीन बनव, मी हेल्प करते, ओके?" माझ्याशी ती कित्येक वर्षं जर्मनमध्येच बोलत असे. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि त्याची मला सवय झाली होती. मामासाठी मात्र ती अडखळत का होईना, मराठी जुळवत होती. मला जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही. तो मत्सर होता.

ठरलं असं, की नदीजवळच्या एका कीसवेर्कच्या, म्हणजे खडी काढणाऱ्या कंपनीच्या, तळ्यात रीतसर परवानगी घेऊन छोटा ड्रेजर चालवायचा. पंप तळाची वाळू ओढतो आणि ती पाण्याबरोबर एका उतरत्या पन्हळीतून वाहते. पन्हळीत आडव्या पट्ट्या असतात, पट्ट्यांखाली चटई. वाळू निघून जाते, सोनं चटईत बसतं. निदान बसायला हवं.

"दाजी, नदी तुमची, वेल्डिंग माझं," मेहुणा फोनवर म्हणाला. "पट्ट्या किती उंच ठेवू? आणि खाली चटई कुठली टाकू?"

त्याने परदेशातल्या नद्यांचे व्हिडिओ पाहिले होते. तिथे दाणेदार सोनं सापडतं, म्हणून उंच पट्ट्या आणि शेवाळासारखी जाड चटई चालते. उंच पट्ट्यांमधली वाळू हलती राहायला पाण्याला जोर लागतो, आणि त्या जोरात आमच्या चकत्या सरळ वाहून जातात. इथे हवी बारीक रेघांची पातळ रबरी चटई, वर ठेंगणी जाळी, आणि संथ पाणी. एवढं सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं.

"तुझा अभ्यास झालाय," मी म्हणालो. "तुला योग्य वाटेल तसं कर."

आठवड्याने त्याने मापांसकट ड्रॉइंग पाठवलं. खाली लिहिलं होतं : "बघून घ्या हं दाजी. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पत्रा कापत नाही." मी उत्तर दिलं, "छान." त्या एका शब्दाबद्दल मला आजही स्वतःची लाज वाटते.

त्याच शनिवारी मी बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, जाऊन योग्य ती रबरी चटई आणि जाळी आणली, त्याच्या ड्रॉइंगबरहुकूम कापली आणि गाडीच्या डिकीत घोंगडीखाली ठेवली. अडीअडचणीला असावी म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. मला त्याचं यंत्र तिच्यासमोर हरायला हवं होतं, आणि त्यानंतर डिकी उघडायची होती.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. चार तास पंप चालला. मामा-भाची नखशिखांत भिजली होती आणि सारखी हसत होती. शेवटी त्याची जाड चटई बादलीत झटकली. काळी वाळू भरपूर निघाली आणि सोन्याच्या सात चकत्या.

"दाजी, एवढ्यात मुंगीचं मंगळसूत्र होईल," मेहुणा म्हणाला. मुलगी हसली नाही. तिचा चेहरा पाहून तो लगेच म्हणाला, "माझंच चुकलं गं. बाबांना नीट विचारायला हवं होतं. मीच शहाणपणा केला."

त्याने मला नीट विचारलं होतं, दोनदा. तरी मी त्याला तसं म्हणू दिलं आणि डिकी उघडली.

मुलगी आनंदाने धावत आली. तिने चटई घेऊन पट्ट्यांखालून पन्हळीत सरकवली. चारही कडा बरोबर बसल्या. "पास्ट गेनाऊ!" ती ओरडली. अगदी बरोबर! मग तिचा हात एका कापलेल्या कडेवरून सावकाश फिरला आणि थांबला.

"कधी कापलीस, बाबा?"

मराठीत विचारलं तिने. मला.

"तीन आठवड्यांपूर्वी."

मेहुणा पंपाकडे पाहत होता. "म्हणजे ड्रॉइंग पाठवलं तेव्हाच."

"हो. तुझं चुकतंय हे मला तेव्हाच कळलं होतं. मुद्दामच बोललो नाही."

"अहो दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "फोनवर चार शिव्या घातल्या असत्यात, तरी चाललं असतं." आणि पाना घेऊन तो आपल्या उंच पट्ट्यांचे नट सैल करू लागला.

दुपारी पंप पुन्हा सुरू झाला. मी नळीचं तोंड धरून कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. तिथून पन्हळीच्या आतलं दिसत नाही. थोड्या वेळाने मुलीने हाक मारली, ती मामाला. रबराच्या रेघांमध्ये पिवळं काहीतरी बसू लागलं असावं, कारण दोघं एकदम ओणवी झाली आणि पुन्हा हसू लागली. तोच मत्सर पुन्हा उठला. इतकं सगळं होऊनही उठला.

पाण्याच्या आवाजावरून मला कळत होतं, की प्रवाह अजून जास्त आहे. निम्म्या चकत्या अजूनही निसटत असणार. मी नळी तळावर टेकवली आणि ओरडून सांगितलं, "पंप आणखी बारीक कर! आणि पन्हळीचं खालचं टोक दोन बोटं उचल!"

मेहुण्याने वळून पाहिलं, आणि काही न विचारता तो खालच्या टोकाशी वाकला. मुलीने दुसरी बाजू धरली.

"एवढं पुरे, दाजी?"

"अजून एक बोट," मी म्हणालो.