डोकं धरणारा माणूस

गोल्फच्या क्लबात त्याला सगळे खुंटा म्हणत. कामच तसं होतं. अध्यक्षसाहेब चेंडूपाशी उभे राहिले की यानं समोर उभं राहायचं, हात लांब करून काठीची मूठ त्यांच्या कपाळाला टेकवायची आणि फटका बसेपर्यंत ते डोकं जागचं हलू द्यायचं नाही. डोकं हललं की चेंडू झुडपात, आणि शिव्या खुंट्याला. वर्षानुवर्षं हेच. स्वतःची मान आखडून लाकूड झाली, पण साहेबांचं डोकं ढळलं नाही.

"जन्माला येऊन काय केलंत, तर दुसऱ्याचं डोकं धरलंत!" बायको म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. लागायचं मात्र खोलवर.

बायकोच्या भावानं परगावी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. खुंट्याचा हात मुळात त्याच कामावर बसलेला. "दाजी, शनिवारी टेम्पो घेऊन येतो. या खेपेला आला नाहीत, तर मी दुसरा माणूस बघतो," मेहुण्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं. बायकोनं सामान बांधलं. "मी तर जाणार. तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

राहिलं होतं फक्त साहेबांना सांगणं. ते या गृहस्थाला जमेना. राहायची खोली साहेबांनीच दिलेली. त्यानं तोंड उघडलं की ते म्हणत, "एवढी स्पर्धा होऊ दे, मग बघू." आणि एक संपते न संपते तोच दुसरी स्पर्धा उभी! त्याचा जीव गुदमरायचा, आणि तरी मान डोलायची.

शुक्रवारी नवी प्रशिक्षक आली. तिनं मोबाइलवर साहेबांचा स्विंग टिपला आणि कपाळाला हात लावला.

"काका, डोकं असं आवळून धरायचं नसतं. अंग वळलं की तेही जरासं वळणार, सरकणार. तोल मधोमध राहिला की झालं. तुम्ही ते जखडून ठेवता, म्हणून तर साहेबांची पाठ धरते."

काठी बाजूला झाली. साहेबांनी फटका मारला आणि चेंडू असा सरळ गेला की तेही बघत राहिले. खुंट्याला आधी शरमेनं मेल्यासारखं झालं. उभा जन्म चुकीचं काम केलं! आणि मग एकदम हलकं वाटलं. आता साहेबांना आपली गरजच नाही. सुटलो.

शनिवारी सकाळी तो निरोप घ्यायला मैदानावर गेला.

"आलास? बरं झालं," साहेब म्हणाले. "काठी नको. नुसता समोर उभा राहा. तू नसलास की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं."

"साहेब, मी आज..."

"हलू नकोस रे!"

तो उभा राहिला. एवढा एक फटका होऊ दे, मग सांगू. तेवढ्यात पाठीमागे फाटकाशी हॉर्न वाजला. "दाजी, चला!" मेहुण्यानं हाक मारली. पुन्हा हॉर्न. मग बायकोचा आवाज आला, "अहो!" एकदाच. साहेब चेंडूवर वाकलेले होते. मान वळवली असती, तर ती दिसली असती.

टेम्पो सुरू झाल्याचं त्यानं ऐकलं. आवाज कोपऱ्यापर्यंत गेला आणि विरला. साहेबांनी फटका मारला. चेंडू अगदी सरळ गेला.

"शाबास," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा चेंडू ठेवला.