बैठकीतला फोटो

हे मी कोणापाशीच बोललो नाई. बायकोपाशी नाई, आणि शोभाबाईपाशी तर कधीच नाई. तुले सांगून राह्यलो — काऊन, ते मलेबी धड माहीत नाई. ऐकून घे, मधात बोलू नको. मधात बोलला तर मी गोष्ट फिरवून टाकीन, तेवढा हुशार मी आहे.

आधी राग सांगतो. राग खरा होता, त्यात काही बनवाबनवी नाई.

आमच्या मूल गावाकडं सोयरीक करायची असली का पोराकडचे लोक एकदम पोरीच्या घरी येत नाईत. आधी गावातल्या कोणा मोठ्या माणसाकडं टेकतात, चहा घेतात, धान कसं आहे विचारतात, आणि उठता उठता हळूच — अमक्याची पोरगी कशी आहे जी? तो माणूस जे बोलंल ते पक्कं. तिथून गाडी एक तर आपल्या दारात येते, नाई तर परस्पर परत जाते. शोभाबाई माझी मोठी बहीण. तिच्यासाठी सिंदेवाहीचा पोरगा आला होता, भाताच्या संशोधन केंद्रात नोकरीले. त्याची माणसं चौकशीले बसली दौलतभाऊकडं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्याची राइस मिल. आणि दौलतभाऊ काय बोलला? "पोरगी गुणाची आहे जी. लहानपणी फिट येत होते तिले. आता नसतील येत."

एवढंच. लहान असताना तापात एकदा तिचे हातपाय आखडले होते, ते या माणसानं जपून ठेवलं होतं! गाडी परत गेली. आणि त्याच उन्हाळ्यात त्याच पोराशी दौलतभाऊच्या पुतणीचं लगन लागलं. आम्हाले पत्रिका दिली त्यानं, स्वतः येऊन. माझ्या बाबानं हात जोडून ती घेतली. मले त्याच वेळी त्याच्या मिलले आग लावावी वाटली होती. पुढची कितीतरी वर्षं फिटवाली पोरगी म्हणून शोभाबाईले कोणी विचारलं नाई. ती पाहुण्यांसाठी चहा करायची, पाहुणे माझ्यासाठी आलेले असायचे. मोठी बहीण घरात असताना माझं कसं करणार? मीबी नाई म्हणत गेलो. दोघं बहीणभाऊ एका घरात वाळत बसलो.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या लबाडीची.

शोभाबाईच्या या भानगडीआधीच मी डॉक्टर व्हायले बाहेर जाऊन आलो होतो. रशियातून फुटून निघालेल्या एका देशात. माझा बाबा माजरीच्या कोळसा खाणीत होता. ती नोकरी सोडून जे हातात आलं ते त्यानं नागपूरच्या एका एजंटच्या हवाली केलं. एजंटनं पुस्तकात कॉलेजची इमारत दाखवली — पिवळी, मोठ्या खांबांची, समोर पायऱ्या. आहाहा! तिथं पोचल्यावर कळलं, ते शहराचं नाटकघर आहे. कॉलेज मागच्या बोळात, दोन मजले, त्यातला खालचा चपलांच्या कारखान्याचा. वर्ष गेलं त्यांची भाषा शिकण्यात. दवाखान्यात नेलंच नाई. पासपोर्ट एजंटच्या माणसापाशी, मागितला का उद्या म्हणायचा. कसाबसा सुटून परत आलो आणि बाबाले सांगितलं — थंडी सोसली नाई, छाती धरते. बाबाची स्वतःची छाती खाणीत गेलेली. त्यानं लगेच मान्य केलं. माझा त्या पायऱ्यांवरचा बर्फातला फोटो त्यानं फ्रेम करून बैठकीत लावला. येणाऱ्याले सांगायचा, पोराचं कॉलेज. मी खाली मान घालून सायन्सची ट्यूशन घ्यायले लागलो. गाव मले डॉक्टर म्हणायचं, अर्ध्या थट्टेनं.

आता दोन्ही गोष्टी कुठी येऊन मिळतात ते पाह्य.

दौलतभाऊची पोरगी प्रणिता माझ्याच ट्यूशनले होती. हुशार. प्रश्न विचारून विचारून डोकं खायची, आणि उत्तर समजलं का खुदकन हसायची. तिले इथी मेडिकलची सीट मिळाली नाई. चंद्रपूरच्या एका हॉटेलात एजंटची सभा झाली, बापलेक गेले. एजंट तोच — दुकानाचं नाव बदललेलं, माणूस तोच. आणि एका दुपारी दौलतभाऊ माझ्या दारात! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात तेच पुस्तक.

लक्षात आलं ना तुझ्या? तो चौकशीले आला होता. कॉलेज कसं आहे हे तो कोणत्या कचेरीत विचारणार होता? आमच्याकडं माणसाले विचारतात. जाऊन आलेल्या माणसाले. मी गावात एकटाच जाऊन आलेला.

शोभाबाईनं चहा आणला. तिनंच! त्यानं तिच्याकडं पाह्यलंबी नाई. पुस्तक उघडलं, एकदा त्यातल्या इमारतीकडं पाह्यलं, एकदा भिंतीवरच्या फोटोकडं. "हेच ना मास्तर? पोरीले पाठवाव का?"

काय काय माहीत होतं मले त्या वेळी! शिकवतात कोणत्या भाषेत ते आधी विचारा, म्हणायचं होतं. पासपोर्ट एजंटच्या हातात देऊ नका. ती पदवी इथी चालते का, ते एजंटले नका विचारू, दिल्लीच्या मेडिकल कौन्सिलले विचारा. परत आल्यावर इथी नवीन परीक्षा द्यावी लागणार अशी हवा आहे, त्या कॉलेजचं कोणी ती पास होईल का? तिथी शिकून राह्यलेल्या एखाद्या पोराशी एजंटले बाजूले ठेवून बोला. हे सगळं जिभेवर होतं. दुसऱ्या कोणाची पोरगी असती तर मी त्याले पाय धरून थांबवलं असतं. खरंच थांबवलं असतं.

आणि मी म्हटलं, "हेच. पाठवा बिनधास्त."

माझी जीभ चाचरली नाई. उलट गोड वाटलं. शोभाबाई दारात ट्रे घेऊन उभी होती, आणि मी मनात म्हटलं — घे बाई, तुझं उट्टं काढलं. प्रणिताचं नाव मनात आलं नाई असं म्हणू? आलं. चांगलं आलं. ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी तेव्हा मागं घेऊ शकलो असतो.

पुढं काय झालं ते तुले अंदाजानं कळंल. गेली, फसली, कॉलेज बदललं, पुन्हा फसली. पदवीचा कागद घेऊन आली, तो इथी कोणी मानला नाई. मूलच्याच एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर बसून केसपेपर लिहायले लागली. गाव तिलेबी डॉक्टर म्हणायले लागलं, अर्ध्या थट्टेनं. दौलतभाऊ मिलच्या समोरच्या खुर्चीत बसेनासा झाला. मी मुद्दाम तिथून जायचो, रिकामी खुर्ची पाहायले. मले बरं वाटायचं. हो, वाटायचं! त्या माणसासाठी मले आजबी काही वाटत नाई. जळला तेवढा कमीच जळला.

पण त्या काउंटरसमोरून मी कधी गेलो नाई. आजारी पडलो तर चंद्रपूर गाठायचो.

मग शोभाबाईसाठी गडचिरोलीकडून एक मास्तर आला. बायको वारलेली, पण माणूस भला. त्याची आई पक्की. फिटची गोष्ट तिच्या कानावर गेलीच होती. ती म्हातारी कोणा मोठ्या माणसाकडं टेकली नाई — सरळ दवाखान्यात गेली, काउंटरवरच्या पोरीले विचारायले, गावाचे केसपेपर तिच्याच हाताखालचे म्हणून. आम्हाले कळलं तेव्हा मी हातपाय गाळले. दौलतभाऊची पोरगी! बापानं एकदा मारलं, आता लेक मारणार.

सुपारी फोडायले आली तेव्हा म्हातारीनंच सांगितलं. "पोरगी म्हणाली, शोभाबाईले फिट-बिट काही नाई आजी. ते आमच्या बाबानं उठवलं होतं, माझ्या चुलतबहिणीसाठी. खोटं होतं ते. माझं नाव सांगा पाह्यजे तर."

बापाचं नाव घेऊन सांगितलं तिनं. भर दवाखान्यात, चार पेशंट ऐकत होते. त्या गावात तिले रोज राहायचं होतं, त्याच बापाच्या घरी.

लगनाले तिले बोलवावंच लागलं. शोभाबाई स्वतः गेली बोलवायले. मांडवात मी वाढण्याच्या गडबडीत होतो, काही आणायले बैठकीत शिरलो, तर प्रणिता एकटी उभी. भिंतीवरच्या फोटोसमोर. बाबा गेला तेव्हापासून तो फोटो तसाच होता, काढला तर कोणीतरी विचारंल म्हणून. मले तिथंच थांबून राह्यलेलं तिनं पाह्यलं. हसली — समजल्यावर हसायची तसं नाई, नुसती.

"सर, मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच पाह्यलं हे," ती म्हणाली. "तिकीट काढून आत नाटकबी पाह्यलं एकदा. समजलं काहीच नाई."

म्हणजे तिले पहिल्यापासून माहीत होतं. दवाखान्यात त्या म्हातारीनं विचारलं तेव्हाबी माहीत होतं, मी कोण आणि शोभाबाई कोणाची बहीण ते. एक शब्द फिरवला असता तर तिचं उट्टं निघालं असतं, आणि ते माझ्यासारखं गोडबी लागलं असतं.

बाहेरून पंगतीले हाक आली. ती पदर सावरून माझ्या बाजूनं निघून गेली, आणि शोभाबाईच्या शेजारी जेवायले बसली.