तोराच्या वाढदिवसाचा ध्वज

डेन्मार्कमधल्या लिमफियोर्ड खाडीच्या काठावरील आमच्या गावात अंगणातला ध्वजस्तंभ घरातली बातमी सांगतो. वाढदिवसाला ध्वज टोकापर्यंत चढतो, मृत्यूला अर्ध्यावर थांबतो. एरवी अरुंद पताका फडफडत असते. बोदिल क्रोग्सगोर हिची मुलगी हरवली, हे तिचे दुर्दैव. त्याचा अर्थ मात्र गावाने या स्तंभावरून लावला.

सात वर्षांची तोरा ऑक्टोबरात शाळेतून निघाली ती घरी पोहोचलीच नाही. गावाने लव्हाळी तुडवली, पाण्यात गळ ओढले. हाती काही आले नाही. मासे धुरावर सुकवण्याच्या कारखान्यात बोदिल पुन्हा कामावर गेली, तेव्हा लोकांच्या कपाळावर पहिली आठी उमटली. मार्चमध्ये तोराच्या वाढदिवशी तिने ध्वज टोकापर्यंत चढवला.

"पोर बेपत्ता, आणि हिचा सण चाललाय!" दुकानदारीण ग्रेथेने गल्ल्यावरूनच निकाल दिला.

"अगं, आशा असेल बिचारीला," मी म्हटले.

"मग डोळे कोरडे कसे? आईचं काळीज मला शिकवू नकोस."

पुढच्या मार्चमध्ये शेजारचा वर्नर कुंपणापाशी आला. "बोदिल, अर्ध्यावर ठेव. लोकांची तोंडं बंद होतील."

"म्हणजे ती मेली असं म्हणू? मी म्हटलं की पोलीस शोधायचं थांबतील, वर्नर."

"ती गेली, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग गावाने आपापल्या काठीवर उतरवावा."

या एका भीतीवर ती तगून होती. परंतु तिसऱ्या वर्षी, कारखान्यात कुणी तिच्याशेजारी जेवायला बसेनासे झाल्यावर, तिने ध्वज अर्ध्यावर बांधला.

दुपारपर्यंत ग्रेथेच्या दुकानात गर्दी झाली. "बघा! पोर मेल्याचं हिला कसं कळलं?" दोन वर्षे जी खूण लोक मागत होते, तीच आता कबुली ठरली. तोरा हरवली त्याच महिन्यात वादळाने हललेल्या स्तंभाचा पाया नव्या काँक्रीटने भरला होता, हेही कुणालातरी आठवले. ते काँक्रीट बोदिलसोबत वर्नरनेच ओतले होते.

"मग खाली काय आहे ते तुला ठाऊकच असणार," मी त्याला विचारले.

तो नजर चुकवत म्हणाला, "मधे मी कॉफी प्यायला घरी गेलो होतो ना."

पोलिसांनाही त्याने प्रामाणिकपणे हेच सांगितले. त्यांनी पाया फोडला. खाली चिकणमाती आणि दगड निघाले.

"आता तरी तिला शोधाल?" बोदिलने विचारले.

"शोधलं की, बाई," खड्ड्याकडे बोट दाखवत अधिकारी म्हणाला.

"म्हणजे दुसरीकडे पुरलंय," ग्रेथे म्हणाली, आणि गावाला ते पटले.

स्तंभ पुन्हा उभा राहिला नाही. पुढच्या मार्चमध्ये मी केक घेऊन गेलो, तेव्हा बोदिल स्वयंपाकघरात घडी केलेला ध्वज मांडीवर घेऊन बसली होती. खिडकी उघडी होती. रस्त्यावरून जाणाऱ्या ग्रेथेने रिकाम्या अंगणाकडे पाहिले आणि सोबतिणीला म्हणाली, "आज पोरीचा वाढदिवस. विसरली बघ."