थोरल्याच्या वाट्याची गोळी

दोघा भावांचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटींतून भिंतीचाच रंग दिसायचा. थोरला, म्हणजे दादा, लाकूड तिरकं कापायचा. धाकटा कोपरा जुळवून धरायचा. मग दादा खिळा ठोकायचा. बोटं कायम धाकट्याची, हातोडी कायम दादाची. बोट एकदाही चेपलं नाही. धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा, की माझ्यावर चिडला की दादा आधी हातोडी खाली ठेवतो.

वडील याच टेबलाशी, काच कापताना गेले. ऐन उमेदीत, हृदय बंद पडून. तेव्हापासून मोठा घास, खिडकीजवळची जागा, नवा सदरा, सगळं आधी धाकट्याला. दादानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, राहून गेलं.

दादाच्या रक्तात कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे घराण्यातच असू शकतं. त्यांनी त्याला रोजची एक गोळी लिहून दिली आणि धाकट्यालाही तपासणीला आणायला सांगितलं. धाकट्यानं उडवून लावलं. त्याला सुईची नव्हे, तपासणीच्या कागदावर काय उमटेल त्याची धास्ती होती. आपण घोड्यासारखे धडधाकट आहोत, असं तो म्हणाला. वडीलही तसेच होते, एवढंच दादा बोलला. तपासल्याशिवाय धाकट्याला औषध देणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आणि औषधवाला चिठ्ठीशिवाय पाकिटाला हात लावू देईना. मग दादानं तो विषयच सोडला. धाकट्याला सुटल्यासारखं झालं.

पुढच्या तपासणीत दादाचा आकडा तसूभर हलला नव्हता. गोळीची मात्रा वाढवली. इकडे धाकट्याच्या मांड्या दुखू लागल्या. वय झालं म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. दुकानातला चहा हल्ली कडवट लागतो म्हणून तो दादाला चिडवायचा. दुकानात चहा दादाच करायचा.

आकडा पुन्हा तिथंच राहिला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावलं.

"कोलेस्टेरॉल सगळं ताटातून येत नाही," त्या दादाला म्हणाल्या. "बरंचसं यकृत स्वतः बनवतं. ही गोळी ते बनवणं कमी करते. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं ओढून घेतं. रक्तात ते कमी राहिलं की रक्तवाहिन्यांत थर साचायचा वेग मंदावतो, आणि जुना थर फुटून झटका येण्याचा धोकाही उतरतो. वरून काही जाणवत नाही, म्हणून तर रोज घ्यायची. तुमचा आकडा जराही हलत नाही. खरं सांगा, गोळी तुमच्या पोटात जाते का?"

दादा टेबलाची कड न्याहाळत राहिला. पाकिटं वेळेवर रिकामी होतात, मी बघतो ना, असं सांगायला धाकट्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"दादा, चहात?"

"तुला लेकरं आहेत," दादा हळूच म्हणाला. "माझ्यामागं रडायला कोण आहे?"

"मग मी कोण? गिऱ्हाईक?"

डॉक्टरीणबाईंनी दादाला चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्याच्या नकळत औषध देणं हा जीवाशी खेळ आहे, असं त्यांनी सुनावलं. धाकट्यानं मांड्यांचं दुखणं सांगितलं, तेव्हा तेही कदाचित त्या गोळीचंच, असं त्या म्हणाल्या. दादा खाली मान घालून ऐकत होता. धाकट्यालाही राग यायला हवा होता, आणि आलाही, पण टिकेना. हा माणूस रोज सकाळी आपलं आयुष्य कुटून, विरघळवून दुसऱ्याच्या कपात ओतत होता, आणि वर चहावरून टोमणे खात होता. चूक होती, शंभर टक्के चूक. इतकी मोठी चूक करायला मात्र काळीजही तेवढंच लागतं, असं त्याला वाटलं.

दादाला डॉक्टरीणबाईंसमोर गोळी गिळावी लागली. धाकट्याच्या स्नायूंची आणि यकृताची तपासणी लगेच होणार होती. कोलेस्टेरॉलचा खरा आकडा कळायला काही आठवडे चहा नुसता चहाच प्यायचा होता. मग जे निघेल त्याचा इलाज त्याच्या स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर.

धाकट्यानं न सांगता बाही वर केली. सुई आत गेली तेव्हा त्यानं शेजारी पाहिलं. दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.